पहिल्या गुरूची जागा

आज, १५ ऑक्टोबर, जागतिक शरीररचनाशास्त्र दिन. आंद्रियास व्हेसॅलियस १५६४ मध्ये याच दिवशी वारला. प्राध्यापकाने उच्चासनावरून पोथी वाचायची आणि न्हाव्याने खाली देह कापायचा, ही त्या काळची रीत. व्हेसॅलियसने स्वतः सुरी हातात घेतली आणि १५४३ च्या ग्रंथात प्राचीन वैद्य गेलनच्या कितीतरी चुका दाखवून दिल्या.

सातारा-सांगलीने या दिवसाकडे लक्ष द्यायला हवे, कारण डॉक्टर घडवणे हे या कृष्णाकाठचे जुने काम आहे. मिरजेत वानलेस यांचे रुग्णालय १८९४ चे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ मध्ये आले, सांगलीत भारती विद्यापीठाचे महाविद्यालय २००५ मध्ये आणि साताऱ्यात शासकीय महाविद्यालय २०२१ मध्ये. जागा वाढल्या. दहा विद्यार्थ्यांमागे एक देह हा जुना दंडक पाळायचा, तर देहही वाढायला हवेत.

शिकवण्याची पद्धतही बदलली. १९९७ च्या नियमांनी एमबीबीएसचा दीड वर्षाचा पहिला टप्पा एका वर्षावर आणला. डिसेक्शन हॉलमधले तास तिथेच आटले. २०१९ च्या अभ्यासक्रमाने मात्र एक मोलाची गोष्ट केली. मृतदेह हा आपला पहिला शिक्षक, असा पाठच त्यात आला. आता अनेक महाविद्यालयांत मुले विच्छेदनाआधी देहापुढे शपथ घेतात. सोबत पडद्याची टेबले आली आहेत. त्यांवर हृदय हवे तसे फिरवता येते, थर काढून पुन्हा बसवता येतात, सीटी स्कॅन शेजारी ठेवून पाहता येतो. या साधनांचे स्वागतच आहे.

पण पडद्यावर धमनी लाल, शीर निळी आणि मज्जातंतू पिवळा असतो. फॉर्मलिनमधल्या देहात तिन्ही जवळपास एकाच मळकट रंगाचे. ओळखायचे ते बोटांनी, जाडीवरून आणि वाटेवरून. शिवाय माणसे एका साच्याची नसतात. दंडातली धमनी बहुतेकांत कोपरापाशी दुभंगते, काहींत बरीच वर, काखेजवळही. हे ज्याने एकदा हाताने पाहिले, तो पुढे रुग्णाच्या हातावर सुरी चालवताना थबकतो. ते थबकणे टेबल शिकवत नाही.

हे देह येतात कुठून? १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाने बेवारस देह महाविद्यालयांना मिळू लागले. म्हणजे ज्यांना जिवंतपणी धड उपचारही मिळाले नसतील, अशा गरिबांच्या देहांवर आपले डॉक्टर शिकले. हे ऋण मोठे आहे, आणि ते फेडायचे तर आता घरदार असलेल्यांनी देहदानासाठी पुढे यावे. माहुलीच्या संगमावर किंवा कराडच्या प्रीतिसंगमावर रक्षा सोडणाऱ्या घराला देह देऊन रिकाम्या हातांनी परतणे जड जाते, हे आम्ही जाणतो. त्या दुःखाचा मान ठेवूनच ही विनंती करत आहोत.

देहदानाचा अर्ज जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. नेत्रदान करूनही देहदान करता येते. अपघाती किंवा पोलिसांत नोंद झालेला मृत्यू असेल, किंवा काही संसर्गजन्य आजार असतील, तर देह स्वीकारत नाहीत. आणि नुसता अर्ज भरून भागत नाही: मृत्यूनंतर महाविद्यालयाला कळवायचे ते वारसांनी, तेही काही तासांत. म्हणून आजच मुलांना, सुनांना, भावंडांना बसवून आपली इच्छा स्पष्ट सांगा.