नाताळ आणि गोड शेवटाच्या कादंबऱ्या

डिसेंबर लागला की इंग्रजी वाचणाऱ्या आपल्या मंडळींच्या हातात एका ठरावीक जातीच्या कादंबऱ्या दिसू लागतात. मुखपृष्ठावर बर्फ, खिडकीत दिवा, दारात दोघं. शहरात राबून थकलेली नायिका सणाला गावी येते, बापाची बेकरी बंद पडायच्या बेतात असते, बालपणीचा शेजारी मदतीला धावतो आणि चोवीस तारखेच्या रात्री सगळं मार्गी लागतं. साहित्याचे जाणकार नाक मुरडतात. शेवट आधीच ठाऊक असलेलं पुस्तक वाचायचं कशाला, हा त्यांचा सवाल.

मला हा सवालच पटत नाही. श्रावणातल्या कहाण्यांचा शेवट कोणाला ठाऊक नसतो? तरी आपल्या आया-आज्या त्या दरवर्षी ऐकतच आल्या. सणाच्या गोष्टीकडून धीर हवा असतो; रहस्यकथांना वर्षाचे बाकीचे महिने आहेतच. चार्ल्स डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरल' १९ डिसेंबर १८४३ रोजी निघालं आणि नाताळापर्यंत त्याच्या सहा हजार प्रती खपल्या. ती प्रेमकथा नव्हे; पण नाताळात माणूस बदलतो, तुटलेलं जुळतं, हा साचा तिने पक्का केला. डेबी मॅकॉम्बरसारख्या अमेरिकन लेखिकेच्या नाताळ-कादंबऱ्या त्याच वाटेने जातात.

शिवाय या गोष्टी वरवर प्रेमाच्या असल्या तरी आतून घरी परतण्याच्या असतात. गोव्यात ते कोणाला समजावून सांगायला नको. आखातातली, बोटीवरची, इंग्लंडमधली माणसं डिसेंबरात येतात, वर्षभर कुलूप असलेली घरं पंधरा दिवस उघडतात. एखाद्या घरावर कागदी चांदणी लागत नाही, तेव्हा त्यामागचं कारण सगळ्या वाड्याला माहीत असतं. रजा न मिळालेल्या मुलाची आई असं पुस्तक वाचत बसली, तर तिला भाबडी म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

माझी तक्रार वेगळी आहे. हा धीर आपण परक्या बर्फातच का शोधतो? काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सणाला वाचायची सवय मराठीला आहे. दिवाळी अंकांत प्रेमकथा तर ढिगाने आल्या. पण गोव्यातल्या नाताळात घडणारी एखादी मराठी प्रेमकथा आठवून बघा. चटकन नाव सुचतं का?

शेजारी मात्र गप्प नव्हते. रोमी कोंकणीतल्या कादंबरीला 'रोमान्स' हेच नाव. पोर्तुगीजमध्ये त्या शब्दाचा अर्थच कादंबरी. रेजिनाल्ड फर्नांडिस यांचे रोमान्स तारवटी आणि मुंबईच्या कुडांत राहणारे गोंयकार आवडीने वाचत. आपण मराठी वाचक लिपीच्या आणि भाषावादाच्या कुंपणापाशी अडून राहिलो. दिवाळीला आपल्याकडून फोव जातात, नाताळाला तिकडून नेवऱ्या, दोदोल येतात. ताटं जातात-येतात, गोष्टी मात्र अडतात.

म्हणून आपल्या लिहित्या मंडळींना एक विनंती. यंदा एक साधी, गोड शेवटाची गोष्ट लिहा. बर्फाची गरज नाही. आंब्याला आलेला मोहोर, मध्यरात्रीच्या मिसेची घंटा आणि कुलूप काढलेलं एक घर पुरे. जाणकारांनी नाक मुरडलं तर मुरडू दे. वाचणारे आम्ही आहोत.