एका शिवारात तीन मोहोळं

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हा न्याय आपण किड्यामुंग्यांनाही लावून मोकळे होतो. जवळच्या नात्यातल्या दोन जाती एका शिवारात आल्या की एकीने दुसरीला हुसकलेच पाहिजे, असा हा पक्ष. आधाराला रशियन शास्त्रज्ञ गॉझचे नाव असते. १९३४ साली त्याने दाखवले की पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या दोन जाती एकाच नळीत, एकाच अन्नावर वाढवल्या तर एक नामशेष होते. खरे आहे. पण याच गॉझने जोडी बदलली, तेव्हा एक जात वर तरंगणाऱ्या जिवाणूंवर आणि दुसरी तळाच्या यीस्टवर जगली, दोन्ही टिकल्या. हा अर्धा प्रयोग कोणी सांगत नाही.

औंढा नागनाथच्या डोंगराळ मुलखातल्या मधमाश्याच घ्या. आग्या माशी कड्याखाली किंवा उंच फांदीला एकच भलेमोठे पोळे उघड्यावर टांगते. तिच्याच भावकीतली फुलोरी झुडपातल्या बारीक डहाळीवर तळहाताएवढे पोळे बांधते आणि मुंग्या चढू नयेत म्हणून डहाळीला चिकट राळेचे कडे लावते. तिसरी सातेरी, सह्याद्रीत अधिक दिसणारी. ती ढोलीच्या अंधारात समांतर पोळी रचते. तिघींच्या राण्यांचा नरांना बोलावणारा मुख्य गंध एकच. तरी घोटाळा होत नाही. श्रीलंकेतल्या, १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत फुलोरीचे नर भर दुपारी, सातेरीचे दुपार कलल्यावर आणि आग्याचे दिवस मावळताना उडताना दिसले.

मग हा गुण्यागोविंदाचा संसार म्हणायचा का? तेही नाही. फुलांचा मोसम सगळ्यांना एकच असतो आणि मकरंदावर कोणाचा सातबारा नसतो. फुलोरा सरला की आग्या मुक्काम हलवते. या सहवासामागे माया नाही. घर वेगळे, वेळ वेगळी, म्हणून तो निभतो.

म्हणूनच ‘मधपेट्या वाटल्या, मधमाशी वाचली’ हा हिशेब खोटा आहे. आग्या आणि फुलोरी पेटीत नांदतच नाहीत. बांध पेटवला की फुलोरीचे घर जाते, पोकळ जुने झाड तोडले की सातेरीचे. मधासाठी अख्खे पोळे जाळले की आग्याचे. एकीची सोय दुसरीला लागू पडत नाही. योजना आखणाऱ्यांनी आधी कोणती माशी ते सांगावे, आणि पेट्यांच्या आकड्याशेजारी राखलेले बांध आणि जुनी झाडेही मोजावीत.