साधी डाय बरी

परवा मावसभावाचा फोन आला. तोही माझ्यासारखाच विस्कॉन्सिनमध्ये असतो, मॅडिसनला. म्हणाला, "दादा, यंदापासून मीपण काडतुसं घरीच भरणार. डाय कुठली घेऊ?" आणि लगेच एक यादी वाचून दाखवली. नेक डाय, मायक्रोमीटरवाली सीटिंग डाय, अजून काय काय. फोनवर जेवढं सुचलं तेवढं बोललो, पण खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून ही पोस्ट. पुण्याची मंडळी नाक मुरडतील, त्याला इलाज नाही. निदान शेवटपर्यंत वाचा.

या वाटेला कधी न गेलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. काडतूस उडालं की गोळी निघून जाते, पितळी पुंगळी मागे राहते. ती पुन्हा भरता येते. पण आतल्या दाबाने ती फुगून रायफलच्या चेंबरच्या मापाची झालेली असते. तिला परत मापात आणणारा पोलादी साचा म्हणजे डाय. पुंगळीला वंगण लावायचं आणि प्रेसच्या दांड्याने डायमध्ये दाबायची. (वंगण विसरलात तर ती आत अशी रुतते की सुट्टीचा अख्खा दिवस गेला म्हणून समजा!) मग नवा प्रायमर, तोलून घेतलेली दारू, आणि दुसऱ्या डायने वर गोळी बसवायची. दारूचं वजन छापील पुस्तकात असेल तेच, तिथे अंदाजपंचे चालत नाही.

आता निवडीचा प्रश्न. फुल-लेंग्थ डाय पुंगळीचं सगळं अंग आवळते आणि तिचा खांदा किंचित मागे ढकलते. नेक डाय फक्त मान आवळते, बाकी अंग तुमच्या चेंबरच्या मापाचंच राहतं. नेकवाल्यांचं म्हणणं असं की पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसते, नेम सुधारतो, पितळही जास्त टिकतं. ऐकायला अगदी पटतं. मलाही पटलं होतं.

माझी रायफल .३०-०६ ची. १९०६ साली अमेरिकन सैन्यासाठी निघालेलं हे काडतूस हरणासाठी आजही भरपूर झालं. मी नेक डाय घेतली. रेंजवर शंभर यार्डांवर तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकता यायच्या. तो कागद मी फ्रिजवर लावला होता, आल्यागेल्याला दाखवायचो.

२०११ चा नोव्हेंबर. इथला बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. पहिल्याच दिवशी दुपारी एक मादी समोर आली. माझी गोळी जरा मागे लागली. चूक माझीच, ती डायची नव्हे. पण दुसरी गोळी लगेच घालायला हवी होती आणि बोल्ट बंदच होईना. तीच ती पुंगळी पाच वेळा नेक डायमधून काढलेली, दर खेपेला अंगाने थोडी थोडी वाढत गेलेली. घरी भरताना जरा घट्ट वाटली होती, पण म्हटलं चालेल. मी तळहाताने बोल्टवर ठोकत होतो आणि ती लंगडत दलदलीकडे चालली होती.

शेजारचे आजोबा आणि मी रात्री टॉर्च घेऊन शोधत होतो. सापडली ती सकाळी. कायोटींनी आमच्या आधीच गाठलं होतं. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. घरी आलो आणि फ्रिजवरचा कागद काढून टाकला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. शिकारीच्या काडतुसाला साधी फुल-लेंग्थ डायच घ्यावी. कागदावरचा पाव इंच हरणाला कळत नाही, न उडालेली दुसरी गोळी मात्र त्यालाच भोगावी लागते. आणि आता तर नेमबाजीच्या स्पर्धेतलेही कितीतरी जण फुल-लेंग्थच वापरतात.

फक्त ती नीट लावायला हवी. डाय प्रेसमध्ये पार खालपर्यंत पिळून बसवली तर खांदा गरजेपेक्षा जास्त मागे जातो. मग दर वेळी पुंगळी ताणली जाते, बुडाजवळ पातळ होते आणि एक दिवस तिथेच तुटते. म्हणून मोजायचं. बोल्टच्या रायफलला खांदा साधारण दोन थाऊ मागे गेला की पुरे, म्हणजे ०.०५ मिलिमीटर, साध्या कागदाच्या जाडीच्या निम्मा. सेमी-ऑटो किंवा लिव्हर असेल तर थोडी जास्त मोकळीक द्यावी. हे मोजायचं गेज आणि कॅलिपर घ्यायला पैसे खर्च कर. मायक्रोमीटरवाली डाय नंतर घेता येईल. कंपनीचीही फार चिंता नको. बहुतेक सगळ्या डाय एकाच मापाच्या असतात, सात अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला १४ आटे. कुठल्याही प्रेसवर चढतात.

आमचे बाबा भोसरीला टूलरूममध्ये होते. पीस कितीही चकचकीत झाला तरी ते विचारायचे, "गिऱ्हाईकाच्या मशीनवर बसला का?" बसला नाही तर भंगार. मी अमेरिकेत येऊन तेच विसरलो.

मावशी विचारेल, एवढा जीव तुटतो तर मारतोस कशाला? प्रश्न रास्त आहे. आम्ही वर्षभर तेच मांस खातो, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते प्रत्येकाला पटेल असं नाही. पण मारायचंच तर त्या जनावराला ताटकळत ठेवू नये, एवढं तरी माझ्या हातात आहे.

तेव्हा बाबा रे, फुल-लेंग्थ घे. आणि भरायच्या आधी प्रत्येक रिकामी पुंगळी रायफलमध्ये घालून बघ. बोल्ट एका बोटाने बंद झाला पाहिजे. "चालेल" वाटली, की फेकून दे.