फोर्टमध्ये पायी चालणारा माणूस कोणाच्या हिशोबात आहे?

पोस्ट लांब आहे. बार्शीकरांनी तर वाचाच, कारण विषय मुंबईचा असला तरी पाय आपले आहेत.

परवा आमच्या चुलत्यांना, अण्णांना, घेऊन मुंबईला गेलो होतो. अण्णा जिल्हा परिषद शाळेतले निवृत्त शिक्षक, वय ६८, गुडघा दुखतो, शुगर आहे. पेन्शनच्या फरकाची फाईल एका कार्यालयात अडकलीय. कुर्डुवाडीला सिद्धेश्वर पकडली, सकाळी सीएसएमटीला उतरलो, वडापाव खाल्ला, कार्यालयात पोचलो तर उत्तर मिळालं, "साहेब मीटिंगला आहेत, तीननंतर या."

आता तीनपर्यंत करायचं काय? आपली माणसं अशा वेळी काय करतात तुम्हाला माहितीय. स्टेशनवर पेपर अंथरून बसतात. मी म्हणलं, अण्णा, चला, सीएसएमटीपासून चालत फोर्ट बघू. बघण्यासारखं सगळं चार किलोमीटरच्या आत आहे. अण्णा म्हणाले, "बाळा, मला फक्त हुतात्मा चौक दाखव. तीस वर्षं एक मेला पोरांना सांगत आलो, पण बघितला न्हाई कधी."

तीस वर्षं! ज्या जागेवर नोव्हेंबर १९५५ मध्ये मोर्चावर गोळ्या चालल्या, ज्या १०६ हुतात्म्यांमुळे मुंबईसह महाराष्ट्र झाला असं हा माणूस वर्षानुवर्षं फळ्यावर लिहित आला, ती जागा त्यानं पाहिलेली नव्हती. चूक अण्णांची नाही. मुंबईत ते दहा-बारा वेळा तरी आलेत. दवाखान्यासाठी, नातेवाइकासाठी, फाईलसाठी. बघायला कधीच आले नाहीत.

तर निघालो. सीएसएमटीच्या समोर उभं राहून आधी ती इमारत नीट बघायची, तर उभं राहायचं कुठं? १८८७-८८ ला पूर्ण झालेली, २००४ पासून जागतिक वारसा यादीत असलेली इमारत. तिच्या भिंतीवरचे दगडी मोर, माकडं, पानं-फुलं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या पोरांच्या हातची. लोक म्हणतात, इंग्रजांनी बांधली. नकाशा इंग्रजाचा, स्टीव्हन्स साहेबाचा, खरंय. पण छिन्नी चालवणारे हात इथलेच होते. हे अण्णांना सांगायला मी थांबलो, तेवढ्यात मागून हॉर्न आणि पुढून गर्दीचा धक्का. हे असं बघणं!

या स्टेशनाच्या बाजूला १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी पादचारी पूल कोसळला होता, विसरला असाल तर आठवण करून देतो. कामावरून घरी निघालेली माणसं गेली. आदल्याच वर्षांत त्या पुलाची तपासणी होऊन तो ठीक असल्याचा शेरा मिळाला होता. नवा पूल चालू व्हायला २०२३ उजाडलं. आणि त्याच काळात याच शहरात समुद्रात भराव टाकून तेरा हजार कोटींच्या वरचा किनारी रस्ता तयार होत होता, ज्यावर मोटरसायकललासुद्धा बंदी आहे. मोटारवाल्याची पंधरा-वीस मिनिटं वाचावीत म्हणून समुद्र हटवता येतो, आणि चालणाऱ्याच्या डोक्यावर पूल पडू नये एवढं जमत नाही. मी विकासाच्या विरोधात नाही. मी फक्त रांगेत कोण कितवा आहे ते बघतोय.

दादाभाई नौरोजी रस्त्याला लागलो. इथं इमारतींच्या खालून कमानींचा सलग पडवीसारखा रस्ता आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मालकांना असल्या कमानी सोडायला लावल्या, का, तर पायी चालणाऱ्याला ऊन-पाऊस लागू नये. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या राज्यात पायी माणसाचा विचार झाला होता! आज तिथं एका अंगाला दुकानाचा माल, एका अंगाला फेरीवाले, मधून एक माणूस आडवा जाईल एवढी वाट. फेरीवाल्यावर राग काढणं सोपं आहे, तेवढं मी करणार नाही. स्वस्तातला शर्ट आणि दहा रुपयांचं लिंबू सरबत मला त्यांच्याकडंच मिळालं. फेरीवाल्यांना जागा आखून द्यायचा केंद्राचा कायदा २०१४ चा आहे. जागा आखा, पट्टे मारा, दोघंही सुखानं जगतील. पण रस्त्याच्या दोन्ही कडांना ज्या मोटारी तासन्‌तास उभ्या असतात, त्यांना अतिक्रमण कुणी म्हणत नाही. गाडीला टेकायला पांढरा पट्टा मारून जागा आहे. अण्णांना टेकायला बाक नाही. एका जुन्या इमारतीच्या ओट्यावर बसले तर वॉचमनने काठी वाजवली, "चाचा, इधर नहीं."

पुढं स्वच्छतागृह. शुगरवाल्या माणसाला ही चैन नसते. एक सापडलं, त्याला कुलूप. शेवटी एका इराण्याकडं दोन चहा घेतले आणि सोय झाली. घरातली बाई बरोबर असती तर काय केलं असतं, विचार करा.

पोचलो एकदाचे हुतात्मा चौकात. इमानदारीनं सांगतो, १८६४ चं ते फ्लोरा फाउंटन आता स्वच्छ केलंय, भोवती फरसबंदी केलीय, छान दिसतं. मनात आणलं तर जमतं, याचा तो पुरावा आहे. खाली भुयारी मेट्रोचं स्टेशन झालंय, २०२५ पासून सुरू, सरकते जिने. अण्णा मात्र मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या पुतळ्यापुढं चप्पल काढून उभे राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, "पोरांना मी सांगायचो की इथं गोळीबार झाला. पण इथं एवढं मोठं कारंजं हाय, हे मलाच ठाऊक नव्हतं." आजूबाजूनं मोबाईल काढून लोक कारंज्याचे फोटो घेत होते. पुतळ्याकडं कुणी बघत नव्हतं.

तिथून पाच-सात मिनिटांवर हॉर्निमन सर्कल. आम्हा पत्रकारांना दर ६ जानेवारीला दर्पणकारांच्या फोटोला हार घालायची सवय आहे. पण हे गोल उद्यान एका संपादकाच्या नावानं आहे, हे आमच्यातल्या किती जणांना माहितीय? 'बॉम्बे क्रॉनिकल'चा बेंजामिन हॉर्निमन, जातीचा इंग्रज, आपल्या बाजूनं लिहितो म्हणून १९१९ मध्ये सरकारनं त्याला हद्दपार केलं. समोर एशियाटिकच्या पायऱ्या, त्याच ग्रंथालयात दुर्गाबाई भागवत आयुष्यभर वाचत बसल्या. मी हे तोंडी सांगत होतो म्हणून अण्णांना कळलं. चालता चालता मराठीत वाचता येईल अशी पाटी आम्हाला वाटेत दोनच ठिकाणी दिसली, त्यातली एक 'गाडी उभी करू नये' ही. वारसा फेऱ्या बऱ्याच निघतात, पण बहुतेक इंग्रजीत आणि पैसे भरून. मराठीत फिरवणारी थोडी मंडळी आहेत, त्यांना मानतो. राजधानी मराठी राज्याची आणि तिचा इतिहास ऐकायला इंग्रजी यावं लागतं, ही गोष्ट पाट्यांवरून भांडणाऱ्या पक्षांना कशी टोचत नाही? दुकानाची पाटी मराठीत हवीच. पण राजाबाई टॉवर कुणी बांधला, कुणाच्या आईचं ते नाव, हे मराठीत लिहायला कुणाचा हात धरलाय?

आता थोडं आपल्याकडं. आपल्या शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात. मुंबई दर्शनची बस घेतली तर नटनट्यांचे बंगले बाहेरून दाखवून आणते. आपले लोकप्रतिनिधी अधिवेशनाला याच भागात महिनाभर असतात, पण गाडीतून उतरून हुतात्मा चौक चालत गेलेला एक दाखवा. चालले असते तर बाक आणि मुतारी मागायला मला पोस्ट लिहावी लागली नसती.

मागणी मोठी नाही. दर शंभर पावलांवर बसायला जागा, उघडं स्वच्छतागृह, म्हाताऱ्या माणसाचा पाय पोचेपर्यंत थांबणारा सिग्नल, आणि मराठी पाट्या. किनारी रस्त्याच्या एका खांबाच्या पैशात होईल. फोर्टमधून रोज लाखो पायी जातात, ते सगळेच बघायला आलेले नसतात, पण गुडघे त्यांनाही आहेत.

तीनला परत गेलो. साहेब निघून गेले होते. पुढच्या महिन्यात यायला सांगितलंय. अण्णा म्हणाले, "बरंच झालं, तो घोड्याचा पुतळा राहिलाय बघायचा." काळा घोडा म्हणायचंय त्यांना. जुन्या घोड्यावर एडवर्ड राजा होता, १९६५ मध्ये त्याला राणीच्या बागेत हलवलं, आता तिथं नवा घोडा आहे, बिनस्वाराचा. अण्णांच्या शाळेतले दोन जुने विद्यार्थीही येतो म्हणालेत. आणखी कुणाला यायचं असेल तर मला फोन करा, तिकिटं एकदम काढू. बूट घालून या, आणि पाण्याची बाटली जपून प्या.