रिपोर्टमधली ती एक ओळ मराठीत सांगा

शहापूर-मुरबाडचा रुग्ण मोठ्या तपासणीसाठी कल्याण, कळवा, ठाणे नाहीतर मुंबई गाठतो. छातीचा सीटी स्कॅन होतो आणि हातात इंग्रजी रिपोर्ट पडतो. त्यात कधीकधी एक ओळ असते: ‘बोवाइन आर्च’ किंवा ‘ॲबरंट राइट सबक्लेव्हियन आर्टरी’. तिचा अर्थ बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. मग एका घरात ‘हृदयात दोष निघाला’ म्हणून रडारड होते, तर दुसऱ्या घरात फाइल माळ्यावर जाते. दोन्ही टाळता येण्यासारखे आहे.

हृदयातून निघणारी महाधमनी छातीत कमानीसारखी वळून खाली पोटाकडे जाते. या कमानीवरून बहुतेकांना तीन फांद्या फुटतात. पहिली पुढे दुभंगून उजव्या हाताला आणि मानेच्या उजव्या बाजूने डोक्याला रक्त नेते. दुसरी मानेच्या डाव्या बाजूने वर जाते, तिसरी डाव्या हाताला. पण सगळ्यांची रचना अशी नसते. काहींच्या पहिल्या दोन फांद्या एकत्रच निघतात. हा सर्वांत जास्त आढळणारा फरक. त्यालाच ‘बोवाइन’, म्हणजे गुरांसारखी कमान, म्हणतात. खरे तर गुरांच्या कमानीवरून एकच मोठा बुंधा निघतो. म्हणजे नावही चुकीचेच! ही जन्मापासूनची ठेवण आहे. तिला गोळी नाही, पथ्य नाही.

दुसरा फरक साधारण शंभरात एखाद्याला असतो. उजव्या हाताची धमनी कमानीवरून सर्वांत शेवटी निघते आणि बहुधा अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. थोड्यांना घास अडकल्यासारखा वाटतो. मात्र काही प्रसंगी ही माहिती फार मोलाची ठरते. अशा माणसाची उजवीकडची आवाजाची नस नेहमीपेक्षा वेगळ्या वाटेने जाते. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये ते ठाऊक नसेल तर नस दुखावून आवाज बसू शकतो. उजव्या मनगटातून अँजिओग्राफी करताना नळी वळवणे अवघड जाते. रायल्स ट्यूब फार दिवस राहिली, तर क्वचित अन्ननलिका आणि धमनी यांच्यामधला पडदा झिजून जीवघेणा रक्तस्राव होतो. रायल्स ट्यूब सांभाळण्याचे काम नर्सचे. म्हणून तिलाही हे माहीत हवे.

‘सांगितले की लोक उगाच घाबरतात,’ असे काही डॉक्टर म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. न सांगितल्यामुळे लोक घाबरतात. म्हणून माझी मागणी साधी आहे. रिपोर्टच्या शेवटी दोन ओळी मराठीत लिहा: हा आजार आहे की नुसता वेगळेपणा, आणि तो कोणाला सांगायचा. तीच नोंद डिस्चार्ज कार्डावर करा आणि रुग्ण पाठवणाऱ्या शहापूरच्या उपजिल्हा किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयालाही कळवा. याला नवे मशीन लागत नाही, एक पेन पुरतो.

बंधू-भगिनींनो, आपणही एवढे करा. कोरोनाच्या काळात छातीचे स्कॅन झाले असतील, तर ते रिपोर्ट, फिल्म आणि सीडी फेकू नका. ‘व्हेरिएंट’ शब्द दिसला तर डॉक्टरांना अर्थ विचारा. ऑपरेशन, अँजिओग्राफी किंवा लकव्याच्या उपचाराआधी फाइल पुढे ठेवा. घास अडकत असेल किंवा बाळाचा श्वास सतत घरघरत असेल, तर तपासणी टाळू नका. रिपोर्ट आपल्या शरीराचा आहे. तो समजून घेणे हा आपला हक्क आहे.