पीक गेले, घर आठवणीत राहिले

अतिवृष्टी झाली, गारपीट झाली, की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी खात्याचा माणूस असे तिघे बांधावर येतात व पंचनामा होतो. गट नंबर, पेरलेले क्षेत्र, पीक कोणते, नुकसान किती टक्के, एवढे रकाने भरले की कागद पुढे जातो. माझ्या नोकरीची बरीच वर्षे असे कागद भरण्यात गेली. पण त्या घरातल्या आठ वर्षांच्या पोरीने ते वर्ष मनात कसे नोंदवून ठेवले, हा रकाना कोणत्याच नमुन्यात नसतो. अमेरिकेतल्या एका शेतकऱ्याच्या मुलीने तो रकाना भरून ठेवला. तिची पुस्तके तिकडच्या मुली नव्वद वर्षांहून अधिक काळ वाचत आल्या आहेत.

वाचक बंधु-भगिनींनो, त्या मुलीचे नाव लॉरा इंगल्स वाइल्डर. ७ फेब्रुवारी १८६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यात, पेपिन गावाजवळच्या रानात तिचा जन्म झाला. बाप चार्ल्स, आई कॅरोलाइन, थोरली बहीण मेरी, पाठच्या कॅरी आणि ग्रेस. बापाच्या पायाला भिंगरी होती. १८६२ च्या कायद्याने तिकडे पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्याला १६० एकर सरकारी रान किरकोळ फी भरून मिळू लागले होते. पश्चिमेकडे जमीन मिळेल या आशेने हजारो कुटुंबे निघाली, त्यांतलेच हे एक. छपराच्या गाडीत संसार भरून विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, डाकोटा अशी त्यांची फिरती चालली.

हे सारे लॉराबाईंनी उतारवयात लिहिले. 'लिटल हाऊस इन द बिग वुड्स', म्हणजे मोठ्या रानातले छोटे घर, हे पहिले पुस्तक १९३२ साली निघाले, तेव्हा त्यांचे वय ६५ होते. आठवे पुस्तक १९४३ साली आले. मालिकेची गंमत अशी, की पुस्तकागणिक लॉरा मोठी होते आणि पुस्तकाची भाषाही तिच्याबरोबर मोठी होते. पहिल्या पुस्तकात ती आईच्या पदराआडची पोर आहे. शेवटच्या पुस्तकात लग्न होऊन सासरी जाते. वाचणारी मुलगीही तिच्यासोबत वाढते. म्हणून आजीची पुस्तके आईकडे आणि आईची लेकीकडे आली. १९७४ ते १९८३ पर्यंत त्यावर टीव्ही मालिका चालली. पुस्तकातल्या गावांत आज संग्रहालये आहेत. लहानपणी ही पुस्तके वाचलेल्या बाया आता नातवंडांना घेऊन तिथे जातात. लॉराचा बाप रोज संध्याकाळी वाजवी ते व्हायोलिन मिसुरी राज्यातल्या मॅन्सफील्ड येथे जपून ठेवले आहे. ते पाहायला माणसे लांबून येतात.

शेतीच्या माणसाला यात एक कोडे पडते. या पुस्तकांत पीक हाती लागल्याचे प्रसंग थोडे आणि बुडाल्याचे फार. टोळ येतात, पाखरे कणसे खातात, बर्फाने रेल्वे बंद पडते. तरी वाचकाच्या मनात राहते ते उबदार, समाधानी घर. हे कसे?

'ऑन द बँक्स ऑफ प्लम क्रीक' हे पुस्तक पाहू. मिनेसोटात वॉलनट ग्रोव्ह गावाजवळ, ओढ्याच्या काठात कोरलेल्या मातीच्या घरात हे कुटुंब उतरते. बाप गहू पेरतो. पीक असे जोरात येते, की तो त्याच्या भरवशावर उधारीने फळ्या आणतो आणि काचेच्या खिडक्यांचे नवे घर बांधतो. उभ्या पिकावर उधारी करू नये, हे आम्ही सभांतून घसा कोरडा होईतो सांगतो; तिकडेही तेच घडले. कापणी तोंडावर आली असता सूर्यासमोर चमकता ढग आला आणि टोळ गारांसारखे पडू लागले. बापाने शेताभोवती ओले गवत जाळून धूर केला. उपयोग झाला नाही. गहू गेला, भाजी गेली, झाडांची पाने गेली. मग टोळांनी जमिनीत अंडी घातली, म्हणजे पुढचे वर्षही गेले.

ही कल्पित कथा नव्हे. रॉकी पर्वतातील टोळांनी १८७० नंतरच्या दशकात त्या मुलखाची दाणादाण उडवली होती. १८७५ साली नेब्रास्कात पाहिलेल्या एका थव्याची रुंदी ११० मैल असावी, असा अंदाज तेव्हा बांधला गेला. पुढे मात्र ती जातच नाहीशी झाली. तिचे शेवटचे जिवंत नमुने १९०२ साली कॅनडात सापडले. डोंगराकडच्या ज्या नदीखोऱ्यांत तिची अंडी असत तिथे नांगर, पाटपाणी आणि गुरे पोहोचली, म्हणून ती संपली असे शास्त्रज्ञांचे एक मत आहे. आपल्याकडचे वाळवंटी टोळ वेगळ्या जातीचे. २०२० च्या मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत त्यांचे थवे उतरले, तेव्हा डबे-थाळ्या वाजवणाऱ्यांना लॉराच्या बापाची तगमग वेगळी समजावून सांगायला नको.

आता लॉराने यातले काय लक्षात ठेवले ते पाहा. किती पोती गेली, हे तिच्या लेखी मोठे नाही. बाप दुसऱ्या दिवशी उठला, मुलींना खरे काय ते सांगितले आणि मजुरी शोधायला पूर्वेकडे शंभराहून अधिक मैल पायी निघाला, हे तिला आठवते. त्याच्या बुटांना ठिगळे होती, कारण नव्या बुटांचे पैसे त्याने गावाच्या प्रार्थनाघराच्या घंटेसाठी दिले होते. मागे आईने घर, गुरे आणि मुली सांभाळल्या, त्याच्या पत्राची वाट पाहिली. कोणी कोणावर दोष ढकलला नाही. बाप परत आला त्या दिवसाचा आनंद मात्र तिने पानेच्या पाने भरून लिहिला.

दुसरे पुस्तक 'द लाँग विंटर', म्हणजे लांबलेला हिवाळा. काळ १८८०-८१, गाव डाकोटातले डी स्मेट. एकामागून एक हिमवादळे आली, रेल्वे बंद पडली, ती वसंत ऋतू उलटेपर्यंत सुरू झाली नाही. दुकाने रिकामी झाली. कोळसा संपला तेव्हा बाप आणि लॉरा गवत पिळून त्याच्या कांड्या करून जाळू लागले. पीठ संपले तेव्हा कॉफी दळायच्या लहानशा हातयंत्रात पाळीपाळीने गहू दळायचा आणि त्याची भाकरी करायची. रॉकेल संपले, तर आईने गाडीचे वंगण, चिंधी आणि एक बटण घेऊन दिवा केला.

याच पुस्तकात बियाण्याची गोष्ट आहे. अल्मांझो वाइल्डर या तरुण शेतकऱ्याने, जो पुढे लॉराचा नवरा झाला, पेरणीचा गहू दुहेरी भिंतीआड लपवून ठेवला होता. बियाणे खाल्ले तर पुढचे वर्ष गेले, हे तो जाणून होता. पण गाव उपाशी मरू लागले. तेव्हा बियाणे वाचावे आणि माणसेही वाचावीत म्हणून तो व त्याचा एक मित्र जीव धोक्यात घालून बर्फातून दूरच्या एका शेतकऱ्याकडे गेले आणि ६० बुशेल, म्हणजे आपले सुमारे १६ क्विंटल गहू घेऊन आले. दुकानदाराने सव्वा डॉलरला घेतलेला बुशेल तीन डॉलरला विकायचा बेत केला. गावकरी जमले. लॉराच्या बापाने त्याला शांतपणे समजावले, की हिवाळा संपेल, मग आम्ही तुझ्याच दुकानी येणार की नाही ते तू ठरव. दुकानदाराने खरेदीच्या भावाने गहू दिला आणि माणसे पाहून प्रत्येक घराला वाटणी झाली.

पण या पुस्तकातली मनाला चटका लावणारी जागा वेगळीच आहे. थंडीने आणि गवत पिळून पिळून बापाची बोटे सुजून ताठरतात, आणि एका रात्री त्याला व्हायोलिन वाजवता येत नाही. तेव्हा मुली स्वतः गाऊ लागतात. इतकी वर्षे ज्याने घराला धीर दिला, त्याला घर धीर देते. मुलांनी बापाकडून काय घेतले होते ते अशा वेळी कळते.

मेरीची गोष्टही अशीच. १८७९ साली, चौदाव्या वर्षी, आजाराने तिची दृष्टी गेली. बापाने लॉराला सांगितले, की आता तू तिचे डोळे हो. लॉरा दिसेल ते तिला बोलून दाखवू लागली. आकाशाचा रंग, गवतावरचा वारा, रस्त्याने जाणारी गाडी. त्यातूनच पुढे लेखिका घडली असे मानतात. मेरीला आयोवा राज्यातल्या अंधांच्या कॉलेजात पाठवायचे ठरले त्याच सुमारास पाखरांनी मका खाल्ला. बापाने कालवड विकली आणि मुलीला पाठवले. सोळावे पुरे होण्याआधी लॉरा परक्या घरी राहून शाळा शिकवू लागली, ती बहिणीच्या शिक्षणाला हातभार लागावा म्हणून. दीडशे वर्षांपूर्वी, पीक बुडालेल्या घरात, आंधळ्या मुलीच्या शिक्षणासाठी हे चालले होते.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आठवण गोड होते तेव्हा ती काही गोष्टी गाळत असते. लॉराला एक धाकटा भाऊ होता. तो नऊ महिन्यांचा होऊन १८७६ साली गेला. मुलांच्या पुस्तकांत त्याचे नावही नाही. आयोवातल्या बर ओक गावी हे कुटुंब कर्जात रुतले आणि शेवटी रातोरात गाडी जुंपून निघाले, तेही वगळले आहे. लॉराबाईंनी आधी मोठ्यांसाठी लिहिलेल्या आत्मकथेत या गोष्टी होत्या. ती आत्मकथा तेव्हा कोणी छापली नाही, ती थेट २०१४ साली टिपांसह निघाली. मुलांसाठीच्या लेखनावर त्यांची लेक रोझ, जी स्वतः नावाजलेली लेखिका होती, तिने बराच हात फिरवला.

आणि कॅन्ससमधले ते माळरानावरचे छोटे घर ज्या जमिनीवर उभे राहिले, ती ओसेज या मूळ रहिवाशांची होती. पुस्तकात त्या लोकांविषयी काही शब्द असे आहेत, की आजच्या वाचकाला ते टोचतात. २०१८ साली अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेने लॉराबाईंच्या नावाने दिल्या जाणाऱ्या बालसाहित्य पुरस्काराचे नावच बदलले. लहानपणचे आवडते पुस्तक मोठेपणी पुन्हा वाचताना हेही वाचावे लागते. एकाला मिळालेली जमीन दुसऱ्याच्या हातून गेलेली असू शकते, हे शेतकऱ्याला तरी नवे नाही.

लॉराबाईंच्या स्वतःच्या संसारालाही शेतीने कमी छळले नाही. लग्न १८८५ चे. पुढच्या चार-पाच वर्षांत दुष्काळ, कर्ज, नवऱ्याचे आजारपण, तान्ह्या मुलाचा मृत्यू आणि घराला आग. १८९४ साली ती दोघे सात वर्षांच्या रोझला घेऊन मिसुरीत आली आणि खडकाळ जमिनीत सफरचंदाची बाग, दूधदुभते व कोंबड्या यांवर हळूहळू उभी राहिली. कोंबडीपालनात बाईंचा हात चांगला बसला होता. १९११ पासून 'मिसुरी रुरलिस्ट' या शेतकऱ्यांच्या पत्रात त्या लिहू लागल्या. अंडी, लोणी, शेजार, बाईच्या कामाचे मोल असे त्यांचे विषय असत. गावच्या शेतकी कर्जसंस्थेचा हिशेबही त्यांनी सुमारे दहा वर्षे पाहिला. म्हणजे लाखो मुलींची आवडती लेखिका आधी तुमच्या या साप्ताहिकासारख्याच एका पत्राची सदरलेखिका होती.

आता कोड्याचे उत्तर. मूल पिकाचा उतारा लक्षात ठेवत नाही. पीक गेले त्या रात्री घरात काय झाले, ते लक्षात ठेवते. बाप तोंड फिरवून बसला की चार शब्द बोलला, आईने ताट वाढताना डोळे पुसले की आदळआपट केली, नुकसान मुलांना सांगितले की दाराआड कुजबुजले, हे सारे पन्नास वर्षे टिकते. पाऊस आपल्या हाती नाही, भाव तर नाहीच. घरातले बोलणे मात्र बव्हंशी आपल्या हाती आहे. याचा अर्थ हसऱ्या तोंडाने कर्ज लपवावे असा नाही. लॉराच्या बापाने ते लपवले नाही, म्हणून तर लेकींनी भार वाटून घेतला. ज्या घरात कर्जाचा आकडा एकाच माणसाच्या पोटात राहतो, त्या घरात तो त्या माणसाला खातो. बांधावर फिरताना मी हे फार पाहिले आहे.

म्हणून या आठवड्यात जमले तर एक करा. जेवणे झाल्यावर टीव्ही थोडा वेळ बंद ठेवा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारा. खडी फोडायला कोण जात होते, काय खाल्ले, कोणते जनावर विकले, कोणते मूल गेले. गोड तेवढेच नको, गाळलेलेही विचारा. मुलांना जवळ बसवा. शाळेत जाणारी पोर असेल तर तिच्या हाती शंभर पानी वही द्या आणि आजी सांगेल तसे लिहून घ्यायला सांगा. आजीला घाई करू नका. अशा गोष्टी एका बैठकीत निघत नाहीत.