आईबापांवांचूनचें बेट
डिस्नेच्या १९५३ सालच्या ‘पीटर पॅन’ या चित्रपटांत आईबाप नसलेल्या पोरांचें बेट दाखविलें आहे. असले चित्रपट मुलांस उद्धट करितात, अशी ओरड कित्येक पालक करितात. ती व्यर्थ होय! पीटर त्या स्वच्छंदी पोरांसाठीं घेऊन काय येतो? आई! आणि ही आई कोण? स्वतःच अजून लहान असलेली वेंडी. तिचे दोघे भाऊ मात्र मोकळे! मोठें होणेंच नको म्हणणाऱ्या पीटरचें बाल्य एका मुलीच्या अकाल प्रौढत्वावर पोसलें जातें. यांत मोठ्यांपासून सुटका कसली? घरांतील जुनीच वहिवाट येथें हवेंतून उडत आली, इतकेंच. तेव्हां चित्रपटावर रागावण्यापूर्वीं पालकांनीं आपल्याच घरांत डोकावून पाहावें : आई घरीं नसतांना खेळतो कोण, आणि धाकट्यास कडेवर घेऊन उभी राहते कोण?